घरप्रार्थना बंद करू नका, तिची पाळी वाढवा : पंचमंडळीस खुले पत्र

मा. पाळकसाहेब आणि पंचमंडळीचे सर्व सभासद यांस,
सप्रेम जय ख्रिस्त.

आपल्या इंदूरच्या मराठी मंडळीच्या (चर्चच्या) येत्या वार्षिक सभेपुढे पंचमंडळीने, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीने, जो ठराव ठेवायचे योजले आहे, त्याचा मसुदा मागच्या रविवारी उपासनेनंतर वाचून दाखवण्यात आला. पाळीपाळीने एकेका घरी होणारी पंधरवड्याची घरप्रार्थना बंद करावी, दर महिन्याचे प्रीतिभोजन नाताळ आणि ईस्टर एवढ्यापुरतेच ठेवावे, मराठी उपासनेच्या जागी हिंदी उपासना सुरू करावी आणि यातून वाचणारा वेळ व पैसा नव्या ‘प्रसार समिती’कडे द्यावा, असा त्याचा गोषवारा आहे. मसुदा वाचून होतो न होतो तोच ज्येष्ठांपैकी काहींनी विरोध नोंदवला आणि ‘आधी घर सावरू, मग दाराबाहेर पाहू’ असे सांगितले. मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. सभेत प्रत्येकाला बोलायला जेमतेम दोन-तीन मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात कोणाच्या तरी बाजूचे समजले जाण्यापलीकडे काही साधत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवले, कारण बडोदे आणि ग्वाल्हेर येथील नातेवाईक भेटले की त्यांच्याही मंडळीत थोड्याफार फरकाने हेच चालल्याचे ऐकायला मिळते.

ठरावामागची तळमळ खरी आहे, हे आधीच मान्य करतो. उपासनेला तीस-पस्तीस माणसे असतात आणि त्यांतली निम्मी साठीच्या पुढची आहेत. आपली मुले शिकून पुण्याला आणि बंगळूरला गेली, ती नाताळात येतात आणि नव्या वर्षाची उपासना झाली की परततात. मंडळी अशीच राहिली, तर पुढच्या पिढीत इमारतीची किल्ली कोणाकडे ठेवायची, हा प्रश्न उरेल. हे ज्यांना दिसते त्यांनी काहीतरी करू पाहिले, यात दोष काढण्यासारखे काही नाही. पण जे करायचे त्याची सुरुवात घरप्रार्थनेवर कात्री चालवून का व्हावी, हे मसुद्यात कुठेही सांगितलेले नाही.

या घरप्रार्थनेमुळे आपल्यात काय तयार झाले आहे, ते एखाद्या घरी मयत झाली की दिसते. निरोप मिळाल्यापासून तासाभरात कोणीतरी बर्फाची आणि पेटीची व्यवस्था करतो, कोणी कबरस्तानात जाऊन खड्ड्याचे बघतो, स्त्री मंडळातल्या दोघी-तिघी न सांगता त्या घरच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतात आणि पुढचे तीन दिवस त्या घरात चूल पेटवावी लागत नाही. यासाठी कोणतीही समिती नेमलेली नाही. ज्याच्या घरी आपण पंधरा दिवसांपूर्वी पाय दुमडून बसलो, ज्याच्या आजारपणासाठी नाव घेऊन प्रार्थना केली, ज्याच्या घरचा चहा प्यायलो, त्याच्या दुःखात धावून जायला ठराव लागत नाही. सभासद शेकड्यांनी असलेल्या मोठ्या मंडळ्यांना हे जमत नाही असे नाही, पण त्यांना ते मुद्दाम घडवावे लागते. आपल्याकडे ते आहे, आणि ते एकदा मोडले तर प्रसार समितीच्या पैशांतून परत उभे राहणार नाही.

मात्र याच सहवासाची दुसरी बाजू ज्येष्ठांनीही पाहावी अशी माझी विनंती आहे. आपला सहवास हळूहळू नात्यागोत्याचा होत गेला आहे. मंडळीत जी कुटुंबे आहेत त्यांतली बहुतेक एकमेकांची व्याही, मेहुणे किंवा चुलत-मावस आहेत, आणि म्हणून उपासनेनंतरचा चहा हा घरच्या समारंभासारखा होतो. मागे पांढुर्ण्याहून आलेला, भंवरकुआँच्या कोचिंगमध्ये पीएससीची तयारी करणारा एक मुलगा ओळीने चार-पाच रविवार आला. उपासनेत तो शेवटच्या बाकावर बसे, भजने त्याला पाठ होती. नंतर तो कागदी पेला हातात घेऊन दाराजवळच्या चपलांच्या रांगेपाशी उभा राहत असे आणि आपण सगळे मांडवाचे भाडे आणि कोणाच्या साखरपुड्याला कोण येणार यावर बोलत असू. चहा संपला की तो पेला टोपलीत टाकून निघून जाई. कोणी त्याच्याशी वाईट वागले असे मुळीच नाही. दोघांनी नावही विचारले होते. पण पुढचे वाक्य बोलायला लागणारा विषयच आपल्यापाशी नव्हता, कारण आपले सगळे विषय घरातले होते.

यामागे सवयीइतकीच एक कागदी अडचणही आहे, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. आपली सभासद-नोंदवही कुटुंबवार आहे. कुटुंबप्रमुखाचे नाव, मग पत्नी, मुले, बाप्तिस्म्याच्या आणि दृढीकरणाच्या तारखा असे तिचे रकाने आहेत. घरप्रार्थनेची पाळी याच नोंदवहीतल्या कुटुंब-क्रमांकाने लागते. ज्याचे कुटुंब गावी आहे आणि जो इथे भाड्याच्या खोलीत किंवा नर्सिंग होस्टेलमध्ये राहतो, त्याला क्रमांकच नाही, म्हणून त्याची पाळी कधी येत नाही. पाळी येत नाही म्हणून त्याच्याकडे कोणी जात नाही, आणि आपल्याकडे कोणी आले नाही की माणूस स्वतःहून दुसऱ्याच्या घरी जायला संकोचतो. बाहेरचा माणूस आपल्यात रुजत नाही याची कारणे आपण आध्यात्मिक थंडीत शोधतो, पण त्यांतले मोठे कारण वहीत आहे.

आता प्रसार समितीकडे वळतो. सहवास हे एक काम आणि प्रसार हे दुसरे, दोन्हींची खाती वेगळी, माणसे वेगळी, अंदाजपत्रके वेगळी, ही विभागणी आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की ती कुठून आली याचा विचारही आपण करत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ती मिशनच्या काळातून आली. कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनचे लोक १८७७ साली इंदुरात आले. पुढच्या दहा वर्षांत त्यांच्या शाळा आणि स्त्रियांसाठी वैद्यकीय काम सुरू झाले आणि १८८७ साली कॉलेज निघाले. (या शहराला ख्रिश्चन कॉलेज आठवते ते किशोरकुमारमुळे, पण तेही एका परीने दार उघडे ठेवल्याचेच फळ आहे.) हे सारे काम मोलाचे होते. मात्र ते परदेशातून येणाऱ्या पैशावर आणि पगारी माणसांवर चालले. सुवार्ता सांगत फिरणारा सुवार्तिक पगारी, बायकांना बायबल शिकवणारी बायबल-बाई पगारी, शिक्षक पगारी. मंडळीतल्या सामान्य माणसाने रविवारी यावे, दानार्पण टाकावे, एकमेकांना सांभाळावे. बाहेर जाणे हे मिशनचे काम. मिशन गेले, नोव्हेंबर १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन इकडच्या बऱ्याचशा मंडळ्या त्यात सामील झाल्या, पण मनातली वाटणी तशीच राहिली. म्हणून आजही बाहेरच्यांचा विचार करायची वेळ आली की आपल्याला पहिल्यांदा समिती आणि निधी सुचतो.

ही वाटणी मोडून पाहणारा माणूस आपल्याच भाषेत होऊन गेला. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. टिळक १९१९ मध्ये वारले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही. त्याची हुबेहूब नक्कल करावी असे मी म्हणत नाही, तेवढी आपली कुवतही नाही. पण बाहेरच्या माणसाला भेटायला त्यांनी वेगळे खाते काढले नाही, आपल्या भक्तीची बैठकच त्याच्यासाठी मोकळी केली, ही त्यातली दिशा मला आपल्या ठरावापेक्षा अधिक बरोबर वाटते. आपण दर रविवारी त्यांची भजने म्हणतो, तेव्हा त्यांच्या या शेवटच्या उद्योगाचीही थोडी ओळख ठेवायला हरकत नसावी.

प्रसार समितीच्या कार्यक्रमात पहिले नाव दोन दिवसांच्या उज्जीवन सभेचे, म्हणजे श्रद्धा नव्याने जागवण्यासाठी भरवायच्या जाहीर सभेचे आहे. तिच्याबद्दल स्पष्ट बोलतो. मंडप, लाउडस्पीकर, बाहेरून येणाऱ्या वक्त्याचे तिकीट आणि राहणे, जेवणाची पंगत हा खर्च आपल्या वर्षभराच्या दानार्पणाचा मोठा घास घेतो, आणि सभेला येतात ते शहरातल्याच इतर मंडळ्यांचे लोक. ते आले तर आनंदच आहे. फक्त त्याला प्रसार म्हणू नये.

हिंदी उपासनेचा मुद्दा याहून नाजूक आहे. आपल्या कितीतरी घरांत सुना हिंदीभाषक आहेत, मुले देवनागरी वाचतात पण जुन्या भजनांतले शब्द त्यांना कळत नाहीत, आणि आपण स्वतः घराबाहेर पडलो की दिवसभर हिंदीच बोलतो. तरीही मराठी उपासना बंद करण्याला माझा विरोध आहे. इंदुरात हिंदी उपासना अनेक ठिकाणी, आपल्यापेक्षा चांगल्या वाद्यांसह आणि मोठ्या जागेत होते. त्यांत आणखी एकीची भर पडल्याने कोणाची सोय होणार आहे? याउलट पांढुर्णा, सौंसर, मुलताई, बऱ्हाणपूर या भागांतून इथे शिकायला येणारी आणि नगर-जालन्याकडून बदली होऊन येणारी मराठी माणसे या शहरात आहेत आणि त्यांना त्यांच्या भाषेत प्रार्थना करता येईल अशा जागा मोजक्याच आहेत. उपासना मराठीतच ठेवून एक शास्त्रपाठ आणि सर्व सूचना हिंदीतही व्हाव्यात, उपदेशाचा सारांश अर्ध्या पानावर हिंदीत छापून बाकांवर ठेवावा, एवढ्याने आपल्या सुनांची आणि पाहुण्यांची अडचण बरीच कमी होईल.

भाषेवरून मंडळीत कुरबूर होणे नवे नाही. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमातल्या मंडळीत हेच घडले. रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार ग्रीक बोलणाऱ्यांनी इब्री बोलणाऱ्यांविरुद्ध केली. त्यावर प्रेषितांनी वाटप थांबवले नाही आणि वचनाची सेवाही सोडली नाही. सात जण निवडून वाटप त्यांच्याकडे दिले. त्या सातांची नावे पाहिली तर सगळी ग्रीक आहेत, आणि शेवटचा निकलाव हा तर अंत्युखियाहून आलेला, मुळात यहूदीही नसलेला माणूस. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती काम सोपवले गेले. आणि पुढे काय झाले? घरातल्या पंगतीची व्यवस्था पाहायला निवडलेल्या याच सातांतला स्तेफन पहिला रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी प्राण देणारा) झाला आणि फिलिप्प शोमरोनात जाऊन पोचला, तिथून गाझाच्या रस्त्यावर एका कूशी (आफ्रिकेतल्या) अधिकाऱ्याच्या रथात. यरुशलेमाबाहेर वचन नेणाऱ्या पहिल्या माणसांत जेवण वाढणाऱ्यांच्या पंगतीतला माणूस होता. प्रीतिभोजन कमी करून प्रसार वाढवू म्हणणाऱ्यांनी हा अध्याय एकदा शांतपणे वाचावा.

तोच ग्रंथ ज्येष्ठांनाही अडचणीत टाकतो. ‘आधी घर सावरू’ हे म्हणणे ऐकायला शहाणपणाचे वाटते, पण घर पूर्ण सावरल्याचा दिवस कोणत्याच मंडळीत उगवत नाही. अंत्युखियाच्या मंडळीत पाच संदेष्टे व शिक्षक होते. तेराव्या अध्यायात त्यांची नावे दिली आहेत. उपास आणि उपासना चालू असताना त्या पाचांतल्या दोघांना, बर्णबा आणि शौल (पुढे पौल) यांना, मंडळीने पाठवून दिले. ज्यांच्याशिवाय आपले कसे होणार असे वाटावे, तेच दोघे गेले. परत आल्यावर त्यांनी मंडळीला एकत्र जमवून सगळा वृत्तांत सांगितला, हेही लिहिले आहे. आपल्याकडे बाहेरच्या कामाला माणूस द्यायची वेळ आली की ज्याला इथे काही जबाबदारी नाही असा एखादा तरुण पुढे केला जातो आणि तो काय करून आला हे कोणी विचारत नाही.

ज्येष्ठांच्या मनात आणखी एक भीती आहे. ती उघड बोलली जात नाही, पण ती निराधारही नाही. मध्य प्रदेशात धर्मांतराविषयीचा कायदा १९६८ पासून आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात, घटनेच्या पंचविसाव्या कलमातला प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असा निर्णय दिला. त्यानंतर २०२१ चा मध्य प्रदेश धर्म स्वातंत्र्य अधिनियम आला. धर्मांतर करू इच्छिणाऱ्याने आणि ते करवणाऱ्या धर्मगुरूने ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवावे, असे त्यात आहे, आणि ‘प्रलोभना’च्या व्याख्येत भेटवस्तू, नोकरी, शिक्षण, चांगल्या राहणीमानाचे आश्वासन अशा गोष्टी येतात. तेव्हा हॉलमध्ये मोफत शिकवणी, सोबत पत्रके आणि शेवटी प्रार्थना, असा प्रसार समितीने आखलेला कार्यक्रम कायद्याच्या दृष्टीने धोक्याचा आहे, आणि कायदा नसता तरी मला तो पटला नसता. वही-पेन्सिलीसोबत पत्रक दिले की घेणाऱ्याला देणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका येते, आणि ती येणे योग्यच आहे. मदत करायची तर मदतच करावी. श्रद्धेविषयी बोलायचे तर ज्याने विचारले त्याच्याशी, त्याच्या बरोबरीने बसून बोलावे. वर्षात किती नवे आले याचे उद्दिष्ट अहवालात लिहिण्याची टूम तर मुळीच नको. पण या भीतीचा अर्थ दार लावून बसावे असाही होत नाही. परगावच्या ख्रिस्ती विद्यार्थ्याला घरी जेवायला बोलावणे, त्याच्या खोलीवर जाऊन त्याच्यासोबत प्रार्थना करणे, त्याचा मित्र सोबत आला तर त्यालाही पान वाढणे, याला कोणत्याही दंडाधिकाऱ्याला कळवावे लागत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की आपण बाहेरचे एकच काम हाती घ्यावे आणि ते किमान तीन वर्षे सोडू नये. मसुद्यात एम. वाय. हॉस्पिटलमधल्या रुग्णांच्या नातेवाइकांची भेट, वस्तीतली शिकवणी, वृद्धाश्रम आणि उज्जीवन सभा अशी चार कामे आहेत. हॉस्पिटलच्या कामाची ओढ मलाही आहे, पण ते रोजचे काम आहे, तिथली माणसे चार-आठ दिवसांत बदलतात आणि आपल्यातले बहुतेक जण एक जिना चढले की बसायला जागा शोधतात. ते काम अंगावर घेऊन महिन्याभरात सोडून देणे हे न घेण्यापेक्षा वाईट. मला वाटते, आपण परगावहून आलेल्या मराठी विद्यार्थ्यांचे आणि नर्सेसचे काम घ्यावे. ही मुले-मुली इथे दोन-तीन वर्षे राहतात, त्यांना पैशापेक्षा घराची उणीव अधिक भासते, आणि घर ही गोष्ट आपल्याकडे मुबलक आहे. परीक्षेचा निकाल बिघडल्यावर ज्याच्याकडे जाऊन गप्प बसता येईल असे एक घर या शहरात असणे, हे त्यांच्यासाठी किती मोठे आहे हे होस्टेलमध्ये राहिलेल्या कोणालाही विचारावे. त्यांतले काही पुढे इथेच नोकरीला लागतील, काही गावी परततील. जे परततील त्यांच्याकडून आपल्या सभासदसंख्येत एकाचीही भर पडणार नाही आणि तरीही त्यांच्यावर घालवलेला वेळ वाया गेला असे आपण समजू नये, ही या कामाची अट आहे. ती पंचमंडळीला मान्य नसेल, तर ते सुरूच करू नये.

यासाठी प्रसार समिती लागणार नाही. नोंदवहीत कुटुंबवार पानांच्या मागे एकट्याने राहणाऱ्यांसाठी स्वतंत्र पाने घालावीत आणि त्यांना क्रमांक द्यावेत. घरप्रार्थनेची पाळी त्या क्रमांकांनाही लागावी. खोली लहान असेल तर सहा-सात जणांनीच जावे, चहाचे सामान बरोबर न्यावे आणि घरमालकाला आधी सांगून ठेवावे. प्रीतिभोजनाच्या रविवारी प्रत्येक पंगतीत नात्यातली माणसे शेजारी बसणार नाहीत असे स्त्री मंडळाने पाहावे. हे त्यांनी मनावर घेतले तर होते, हे आपण सगळे जाणतो. पंचमंडळीत एक जागा परगावच्या, या शहरात कोणी नातेवाईक नसलेल्या सभासदासाठी ठेवावी, आणि त्याला खुर्च्या लावण्याच्या कामावर न नेमता पाळीची यादी करण्याचे काम द्यावे. आणि वर्षाच्या अहवालात नवे किती आले याच्या जोडीला, आलेल्यांपैकी कितीजण कोणाच्या घरी जेवले हेही लिहावे.

घरप्रार्थना बंद करण्याचा आणि हिंदी उपासनेचा भाग मसुद्यातून वगळावा आणि उरलेल्या ठरावाला वरील दुरुस्ती जोडून ती सभेपुढे ठेवावी, अशी माझी रीतसर विनंती आहे. दुरुस्तीला अनुमोदन देणारे दोन सभासद मिळाले आहेत. त्यांच्या सह्यांची प्रत सेक्रेटरींकडे वेगळी दिली आहे. नोंदवहीची नवी पाने आखून, सध्या आपल्याकडे येणाऱ्या एकट्या मुला-मुलींची नावे आणि राहण्याची ठिकाणे त्यांना विचारून भरून घेण्याचे काम पंचमंडळीने सांगितल्यास मी करीन. वही पाळकसाहेबांच्या कपाटात असते, ती सभेच्या आधीच्या रविवारी मला मिळावी.

आपला,
मंडळीचा एक सभासद
इंदूर